साबेरा आपाचा शेरा

साबेरा आपाच्या गिरणीत दळण टाकलं की बाहेर बाकावर बसावं लागतं. बाकासमोर फळा आहे. शिंदखेड्यातल्या आमच्या भागातल्या बायकांनी गेल्या काही वर्षांत जगात काय चाललं आहे ते या फळ्यावर वाचलं.

पूर्वी त्यावर एवढंच असायचं : आज लाईट किती ते किती, आणि मिरची कोणत्या वारी दळणार. मग आपानं फोन घेतला. फोनवर बातम्या यायला लागल्या. बातमी वाचून गप्प बसणं आपाला जमत नाही. तिचे यजमान कय्युमभाई होते तोवर ती त्यांना ऐकवायची. ते ऐकायचे आणि पट्टा ताणून मोटर सुरू करायचे. ते गेले तेव्हा गिरणी तिच्याकडे आली आणि ऐकणारं कुणी राहिलं नाही. मग ती फळ्यावर लिहायला लागली. वर बातमी, मध्ये एक रेघ, रेघेखाली स्वतःचं मत. त्याला ती शेरा म्हणते. तिच्या सातवीपर्यंतच्या शाळेत गुरुजी प्रगतिपुस्तकावर लिहायचे, तो शब्द.

काही शेरे मला पाठ आहेत.

बातमी होती : शहरात किराणा दहा मिनिटांत घरपोच. शेरा : एवढी घाई कुणाला होती? मला कुणी विचारलं नाही.

बातमी : संगणक आता शाळेचे निबंध लिहून देतो. शेरा : मग पोरगं तेवढ्या वेळात काय करतं, ते कुणी लिहावं.

बातमी : माहिती साठवणाऱ्या मोठ्या इमारती थंड ठेवायला रोज टँकरच्या टँकर पाणी लागतं. शेरा : आमची माहिती गरम राहू द्या. नळ सोडा.

आपा नव्याला नाव ठेवते असं लोक समजतात. ते खरं नाही. घरावर सौरऊर्जेच्या पाट्या लावायची बातमी आली तेव्हा तिनं लिहिलं होतं : हे मला पटलं, ऊन आपल्याकडे फुकट आणि उरेल इतकं. त्यानंतर गल्लीत दोन घरांवर पाट्या बसल्या. बसवणाऱ्यानं विचारलं, माहिती कुठून मिळाली? घरातली म्हातारी म्हणाली, गिरणीतून.

मी दिपमाला. गल्लीत मला रामदासची पोर म्हणून ओळखतात. धुळ्याला राहून मराठी साहित्यात एम. ए. केलं आणि घरी परत आले. नोकरी नव्हती. आईनं दळणाचा डबा हातात दिला. त्या दिवशी आपानं मला विचारलं, "साहित्य शिकली म्हणजे काय शिकली तू?"

मी बरंच काही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. भुवयांवर पीठ होतं, तशीच फळ्याकडे वळली.

"मग हा शेरा कसा आहे सांग."

"लांब आहे," मी म्हटलं.

तिनं अर्धा पुसला. परत वाचला. "खरंच की," म्हणाली. तेव्हापासून आमची मैत्री आहे. ती माझ्या आईपेक्षा मोठी आहे. पण मैत्रीच.

आता मीटरचं सांगते.

आमच्या भागात विजेचे नवे मीटर बसायचे होते. आकडा आपोआप ऑफिसला पोचवणारे. आपाला ते नको होते. तिचं कारण तिनं मला बाकावर बसून सांगितलं होतं.

"जुन्या मीटरला माणूस येतो. आकडा चुकला की मी त्याला धरते. तो म्हणतो, आपा, माझ्या हातात काही नाही. मी म्हणते, तुझ्या हातात नसेल तर ज्याच्या हातात आहे त्याचं नाव सांग. तो नाव सांगतो. मी तिथं जाते. पुढच्या महिन्यात आकडा नीट येतो. आता माणूसच येणार नाही. मी काय खांबाशी भांडू?"

"हे लिही ना," मी म्हटलं.

"लांब होईल. तूच म्हणशील."

म्हणून तिनं लिहिलं नाही. वैशाख लागला तेव्हा नव्या मीटरवाल्यांची गाडी वरच्या गल्लीत आली आणि चार-दोन घरी मीटर बसवूनही गेली. त्याच संध्याकाळी ज्योती दळण घेऊन आली. ज्योती शिवणकाम करते, तिच्या फोनवर सगळ्या गल्लीच्या आधी सगळं येतं. तिनं एक व्हिडिओ दाखवला. डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस. हातात नवा मीटर. तो मराठीत सांगत होता की यात आत बारीक माईक आहे, घरातलं सगळं बोलणं ऐकून साठवलं जातं. मी तिथं नोकरी करत होतो, मन खात होतं म्हणून आता सोडली, असंही तो म्हणाला. बोलताना त्याचे डोळे भरून आले.

आपानं व्हिडिओ परत एकदा लावायला सांगितला. मग उठली आणि खडू घेतला.

वर लिहिलं : नवा मीटर घरातलं बोलणं ऐकतो – आतल्या माणसाचा व्हिडिओ.

खाली लिहिलं : ऐकायचं असेल तर दार वाजवून या, चहा पिऊन ऐका. भिंतीला लटकून नको.

मी हसले. मला तो शेरा फार आवडला. मी तसं म्हटलंही.

तो शेरा बाकीच्यांनाही आवडला. कुणीतरी फळ्याचा फोटो काढला. रात्रीतून तो दोंडाईच्यापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी मीटरवाल्यांची गाडी आमच्या गल्लीत आली तर बायका ओट्यावर उभ्या. एक म्हणाली, चहा प्यायला या, मीटर गाडीतच ठेवा. ती पोरं हसली, मग वैतागली, मग निघून गेली. परत आली नाहीत.

आठवडाभर सगळं मजेचं होतं. ज्योती सांगायची, वरच्या गल्लीत मीटर बसलेल्या घरांत लोक नवऱ्या-बायकोचं भांडण गच्चीवर जाऊन करतात. एका घरात सुनेनं मीटरसमोर उभं राहून सासूच्या स्वयंपाकाची तारीफ केली, म्हणजे पुरावा राहील. आपा हसत नव्हती, पण चेहरा खुलला होता. अभिमन दोनदा येऊन गेला. अभिमन नगरपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहायच्या तयारीत आहे. तो म्हणाला, आपा, धुळ्याला वीज ऑफिसवर मोर्चा नेऊ, तुमचा शेरा बॅनरवर टाकतो. आपा म्हणाली, टाक.

मग तिच्या लक्षात आलं की वच्छलाबाई दळणाला आली नाही.

वच्छलाबाई वरच्या गल्लीत एकटी राहते. मी तिला अक्का म्हणते. तिचा मुलगा प्रेमराज सुरतेला आहे. नवरा चुडामण आबा वारून बरीच वर्षं झाली. ती थोडं थोडं दळून नेते, म्हणजे पीठ ताजं राहतं, असं ती म्हणते. आपा म्हणते, म्हणजे बाकावर बसता येतं. गिरणीची ती सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. तिला वाचता येत नाही. शेरा ती कुणाकडून तरी वाचून घेते आणि मान हलवते.

"चल, पाहून येऊ," आपा म्हणाली.

दुपारचं ऊन होतं. दार आतून लोटलेलं. आपानं हाक मारली. आवाज आला नाही. आम्ही दार ढकललं.

अक्का जमिनीवर ओला लुगड्याचा तुकडा अंथरून पडली होती. पंखा बंद. खोली भट्टीसारखी तापलेली. आपानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी माठातलं पाणी आणलं. ती प्यायली. डोळे उघडून आपाकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

"काय झालं, वच्छला? लाईट नाही का?"

अक्कानं दाराकडे बोट केलं. आम्ही पाहिलं. दाराशेजारी भिंतीवर नवा मीटर होता. म्हणजे असावा. त्यावर शेणमातीचा जाड थर लिंपलेला होता. धान्याच्या कणगीचं तोंड लिंपून बंद करतात, तसा. बोटं नीट फिरवून गुळगुळीत केलेला. वाळून भेगा पडलेल्या. एका कोपऱ्याला काळं झालं होतं.

मी तशीच बाहेर गेले आणि कौतिकला घेऊन आले. तो आमच्या गल्लीत वायरिंगची कामं करतो. त्यानं बाहेरून खांबावरूनच जोडणी सोडवली, ऑफिसला फोन केला, मग थर फोडला.

"पेटीला हवा लागते, अक्का," तो म्हणाला. "वर ओलं लिंपलं. पाणी आत गेलं, टोक जळालं. नशीब, घराला काही झालं नाही."

आम्ही तिला आपाच्या घरी आणलं. तिथं पंखा होता. लिंबूसरबत झालं, थोडी खिचडी झाली. कौतिक गेल्यावर आपानं विचारलं.

"का लिंपलं?"

अक्कानं आधी आजूबाजूला पाहिलं. आपाकडे जुनाच मीटर आहे, तो दाखवला तेव्हा ती बोलायला लागली.

"ते मशीन ऐकस ना. तू लिखेल व्हतं. ज्योतीनी मले वाची दाखाडं."

"ऐकलं तर ऐकलं. तुझ्या घरात बोलायला आहे कोण?"

अक्का खाली बघत राहिली. मग म्हणाली, "तेस्नासंगे बोलस मी."

आपाला कळलं. मला थोडा वेळ लागला. ती चुडामण आबांशी बोलते. भाकरी करताना, दिवा लावताना. काय आणलं, कोण भेटलं, प्रेमराजचा फोन आला की नाही आला. बठ्ठं, अगदी सगळं सांगते. कुणाला माहीत नव्हतं.

"कोणले ऐकू जाई, कोण हसी, मले काय ठाऊक," ती म्हणाली. "म्हनून तोंड बंद करं. मशीननं बी आनि मन्हं बी."

लाईट गेल्यावरही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मीटर बघायला माणूस आला असता आणि त्यानं शेणमाती काढली असती. म्हणून ती त्या खोलीत तशीच राहिली. पंख्याशिवाय आणि न बोलता.

आपानं तिला झोपवलं. मग बाहेर येऊन ओट्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तो व्हिडिओ कुठून आला, शोधता येईल?"

मी शोधलं. अवघड नव्हतं. तो ज्या खात्यावर होता तिथं तोच हेल्मेटवाला माणूस पुष्कळ व्हिडिओंत होता. एकात तो सांगत होता की गॅसच्या टाकीत कॅमेरा असतो. एकात तो गुजराती बोलत होता. एकात तमिळ. प्रत्येक व्हिडिओत त्यानं नोकरी नुकतीच सोडली होती आणि प्रत्येक वेळी त्याचे डोळे भरून आले होते. खात्याच्या माहितीत बारीक अक्षरात लिहिलं होतं : मनोरंजनासाठी, सर्व दृश्ये संगणकानं तयार केलेली.

मी आपाला वाचून दाखवलं.

"म्हणजे तो खोटं बोलला."

"तो नाहीच, आपा. असा माणूसच नाही."

तिनं फोन हातात घेतला. त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"रडत होता तो," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मग मी मान कुणाला डोलावली?"

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

दुसरा दिवस मिरचीचा होता. मोर्चा त्याच्या पुढच्या दिवशी होता. गिरणीच्या दाराला अभिमननं बॅनर बांधून ठेवला होता. त्यावर अभिमनचा हात जोडलेला फोटो, कोपऱ्यात आपाचा शेरा. फळ्यावर तोच शेरा अजून होता. आपा एरवी दोन दिवसांत फळा पुसते. तो तिनं पुसला नव्हता, कारण लांबून लोक फोटो काढायला येत होते.

मला तिच्या मनात काय आहे ते दिसत होतं. मला ते नको होतं. मी तिला समजवायला लागले.

"आपा, मीटर नको, हे तर खरं ना? भांडायला माणूस पाहिजे, हेही खरं. लोक पहिल्यांदा एक झालेत. मोर्चा होऊन जाऊ दे. मग लिही."

ती मिरची दळत होती. तोंडाला पदर बांधलेला. आम्ही दोघी शिंकत होतो. शेवटचा डबा झाला. तिनं मोटर बंद केली.

"मिरची संपली. आता ज्योतीचा गहू टाकू?"

"नको."

"का? तिला इथं दिसणार नाही."

"घरी कळेल. पोळी तिखट लागेल."

"गव्हात खोट आहे का?"

"नाही."

"मग?"

तिनं कोपऱ्यातल्या डब्यातून ज्वारी काढली. मिरचीनंतर दगडांचा तिखटपणा निघावा म्हणून ती त्यांतून आधी स्वतःची ज्वारी काढते. गिऱ्हाइकाचं धान्य त्यानंतर. दुसऱ्या काही गिरण्यांत पहिल्या गिऱ्हाइकाचाच ओंजळभर गहू वापरतात आणि त्याला सांगत नाहीत. आपा बाकावरच्या बायकांना दाखवून स्वतःचा डबा उचलते. ते पीठ ती फेकत नाही. घरी नेऊन भाकरी करते. मी खाल्ली आहे. नाकातून पाणी येतं.

ज्वारी दळून झाली. लाल झाक असलेलं पीठ तिनं पिशवीत भरलं आणि बाजूला ठेवलं. मग फळ्यापाशी गेली. शेरा पुसला नाही. त्याखाली आणखी एक रेघ मारली आणि लिहायला लागली.

वरचा व्हिडिओ खोटा आहे. त्यातला माणूसही खोटा आहे. मीटर ऐकत नाही. मी न तपासता शेरा लिहिला आणि त्यापायी आपल्यातल्या एका बाईला त्रास झाला. मीटर मला तरीही नको. बिल चुकलं तर भांडायला समोर माणूस पाहिजे, हे माझं कारण. ज्याला पटेल त्यानं यावं.

फळा भरून गेला. शेवटची ओळ लाकडी पट्टीवर गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"लांब झालं."

"राहू दे," मी म्हटलं.

पहिली ज्योती आली. दोनदा वाचलं. "म्हणजे आपा, इतके दिवस मी घरात कुजबुजत बोलले ते फुकट?"

"तुझ्या नवऱ्याला बरं वाटलं असेल."

ज्योती हसली, पण दळणासाठी बाकावर बसली नाही. नंतर येते म्हणाली. तिनं पन्नास बायकांना तो व्हिडिओ पाठवला होता. आता त्यांना काय सांगू, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

अभिमन दुपारी आला. त्याच्या मागे दोघंतिघं होते.

"आपा, हे काय केलं? उद्याच्या गाड्या ठरल्यात."

"मी येते की उद्या. कारण खाली लिहिलंय."

"हे कारण कोण वाचतं? लोक माईकसाठी येत होते."

"माईक नाहीये, अभिमन."

"नसेल. पण असू शकतो ना?"

"असू तर काहीही शकतं. तुझ्या पेनात असू शकतो."

मागचा एकजण हसला. अभिमन हसला नाही. "कंपनीवाल्यांनी चहा पाजलेला दिसतो," तो म्हणाला.

"चहा मीच पाजते. बस."

तो बसला नाही. बॅनर सोडून घेऊन गेला. संध्याकाळी फोनवरच्या गटात आलं : गिरणीवाली फिरली. त्याखाली बरंच काही आलं. एकानं तिच्या नावावरून, धर्मावरून लिहिलं. ते मी तिला दाखवलं नाही. तिनं आधीच वाचलेलं होतं. त्या गटात तीही आहे.

"त्याची आई माझ्याकडेच दळते," एवढंच म्हणाली.

मोर्चा झाला. एका गाडीत माणसं मावली. आपा त्यात होती, मीही होते. वीज ऑफिसात एका साहेबानं निवेदन घेतलं आणि विचार करू म्हणाला. आपानं त्याचं नाव विचारलं. तो म्हणाला, का? ती म्हणाली, पुढच्या वेळी भांडायला. त्यानं सांगितलं. आमच्या गल्लीचे जुने मीटर अजून तरी आहेत. पुढे काय होईल, माहीत नाही.

बाकावर गर्दी कमी झाली. काही डबे स्टँडकडच्या गिरणीत जायला लागले. आपानं ते पाहिलं. फळ्यावर तोच लांब मजकूर राहिला. तिला त्याची फारशी चिंता दिसत नव्हती. तिला चिंता वच्छलाबाईची होती.

अक्काकडे जळालेल्या मीटरच्या जागी दुसरा बसला होता. तोही नवाच. लाईट आली होती. अक्का आपल्या घरी परत गेली होती. पण शेजारीण म्हणाली, घरात चूल पेटते, भांडं वाजतं, बाईचा आवाज येत नाही.

आपा मला घेऊन गेली. सकाळ होती. दार उघडं होतं. अक्का तांदूळ निवडत होती. पंखा फिरत होता.

आपानं तिला सगळं सांगितलं. व्हिडिओ, तो नसलेला माणूस, फळ्यावर लिहिलेलं. अक्का मान हलवत राहिली. सुपातल्या तांदळातून बोट फिरत होतं.

"ऐकत नाही ते, वच्छला. खुशाल बोल."

अक्कानं वर पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाली, "तवय बी तूच लिखेल व्हतं, साबेरा."

तेव्हाही आपानंच लिहिलं होतं, हे म्हणताना अक्काच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते फार लागलं. मी आपाकडे पाहिलं. गटात कुणी काही लिहिलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला नव्हता. मला वाटलं, ती आता परत समजावील. फोन काढून ते खातं दाखवील. मी फोन काढायला लागले. तिनं माझा हात धरून खाली केला.

ती उठली आणि दाराशेजारच्या त्या मीटरसमोर जाऊन उभी राहिली. आमच्याकडे पाठ. पदर सावरला.

"ऐक रे," ती मीटरला म्हणाली. नेहमीच्या आवाजात. गिरणी चालू असताना बोलते तसा तिचा आवाज मोठा असतो. "मी साबेरा. गिरणीवाली. कय्युमची बायको."

मला हसू येईल असं वाटलं. आलं नाही.

"कय्युम गेला त्या दिवशी मी रडले नाही. लोक म्हणाले, धक्का बसला, हिला रडवा. धक्का नव्हता. मला झोप आली होती. त्याच्या दुखण्यात मी किती दिवस झोपले नव्हते. त्याला घेऊन गेले आणि मी आतल्या खोलीत जाऊन झोपले. गाढ झोपले. उठले तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. आणि मग आठवलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. त्याला पण नाही. त्याच्या कबरीवर जाऊ देत नाहीत आम्हा बायकांना, नाहीतर तिथं सांगितलं असतं."

ती थांबली. पंख्याचा आवाज येत होता. दारातून रस्त्यावरचा एक सायकलवाला जाताना आत पाहून गेला. आपानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घे. हे ठेव साठवून. ऑफिसला पाठव. गावभर वाजव. आधी माझं वाजव, मग वच्छलाचं."

मी तिथं भिंतीला टेकून उभी होते. मी कथा वाचल्या आहेत, कथेतल्या माणसांवर उत्तरपत्रिका भरून लिहिलं आहे. मला काय वाटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही नीट येत नाही. मला फक्त गिरणीच्या कोपऱ्यातून ज्वारीचा डबा उचलणारे तिचे हात दिसत होते.

आपा येऊन बसली. सुपातले तांदूळ स्वतःकडे ओढले आणि निवडायला लागली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मग अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. चुलीपाशी गेली. पातेलं घेतलं, पाणी ओतलं. आमच्याकडे तिची पाठ होती. समोरच्या भिंतीवर चुडामण आबांचा फोटो होता, टोपीतला.

"ऐकं का," ती फोटोला म्हणाली. आवाज बारीक होता. तिनं खाकरून घसा मोकळा केला. मागे वळून एकदा मीटरकडे पाहिलं. मग परत, थोडं मोठ्यानं :

"ऐकं का, साबेरा येल शे. तिन्हा संगे रामदासनी पोर बी शे, शिकेल. चहा टाकस. साखर कमी शे, पन टाकस. आनि हाई बाई दखा, मन्हा घरमा यीसन मन्हा आधी बोली बसनी."

आपानं तांदळातला खडा काढून बाहेर टाकला.